घरी करावयाचा कपडे धुण्याचा साबण
(मंडळीतील कुटुंबांसाठी व उपदेशकांच्या वर्गासाठी एक पाठ)

मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूच्या येण्याला दोन उपमा दिल्या आहेत. एक धातू शुद्ध करणाऱ्याच्या अग्नीची व दुसरी परटाच्या खाराची. अग्नीविषयी आपण उपदेशात पुष्कळ वेळा ऐकतो. परंतु खाराविषयी फारसे कोणी बोलत नाही. खार म्हणजे काय, त्याने मळ कसा निघतो, आणि तो आपल्या घरी कसा सिद्ध करता येईल, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ते शास्त्रवचनही अधिक चांगले समजेल आणि त्याच्या संसारासही थोडा हातभार लागेल. ह्या दुहेरी हेतूने आम्ही हा पाठ वाचकांपुढे ठेवीत आहो.

ह्या विषयात केवळ पैशाचाच प्रश्न आहे असे नव्हे. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपासनेस गैरहजर राहणाऱ्या भगिनींना कारण विचारले तर पुष्कळदा दबक्या आवाजात एकच उत्तर मिळते : नेसावयास धुतलेले वस्त्र नव्हते. मजुरीचे पैसे आठवड्याच्या बाजारी मिळतात, मीठमिरचीत संपतात, आणि साबण उधारीच्या वहीत जातो. ज्या घरात साबणाची वडी पुरवून पुरवून वापरावी लागते, त्या घरातील माणसास स्वच्छतेवर व्याख्यान देणे सोपे. त्याच्या हाती स्वच्छतेचे साधन देणे अधिक उपयोगाचे. ह्यास्तव उपदेशकांनी हा पाठ आधी स्वतः नीट वाचावा, शक्य असल्यास एकवार करून पाहावा, आणि मगच तो वर्गात शिकवावा.

१. खार म्हणजे काय?

यिर्मया २:२२ मध्ये धुण्याच्या दोन पदार्थांचा उल्लेख आला आहे. मूळ इब्री भाषेत त्यांची नावे नेतेर व बोरीत अशी आहेत. नेतेर म्हणजे कोरड्या प्रदेशातील खाऱ्या तळ्यांच्या काठी आपोआप जमणारा सोडा. मिसर देशात तो विपुल सापडत असे. बोरीत हा खार वनस्पतींपासून, विशेषतः खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेपासून मिळत असे. आज आपण दुकानातून आणतो तशी साबणाची वडी त्या काळच्या परटापाशी नव्हती. खार, पाणी, धोपटणे व ऊन एवढ्यावरच त्याचा व्यवसाय चाले.

आपल्या देशातही हीच स्थिती होती. गावचा परीट खारी माती, सज्जीखार किंवा राखेचे पाणी घेऊन कपडे भट्टीला लावीत असे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सरोवराचे पाणी सोड्याने खारट झालेले आहे, आणि त्यातून पूर्वीच्या काळी लोक खार काढीत असत. आता ते सरोवर संरक्षित असून २०२० साली त्यास रामसर पाणथळ स्थळांच्या जागतिक यादीत स्थान मिळाले आहे. तेव्हा तेथून आज कोणी खार आणावा असे आम्ही सुचवीत नाही.

युरोपात १७९१ साली निकोला लब्लां ह्या फ्रेंच गृहस्थाने साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती शोधून तिचे हक्क मिळविले. पुढे १८६० च्या दशकात बेल्जम देशातील अर्नेस्ट सोल्वे ह्याने त्याहून स्वस्त कृती काढली. आपल्या देशात १९३९ साली काठेवाडच्या टोकास मिठापूर येथे टाटा केमिकल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि समुद्राच्या मिठापासून सोडा करण्याचा मोठा कारखाना तेथे उभा राहिला. जो खार पूर्वी राख गाळून थेंबाथेंबाने मिळवावा लागे, तो आज ‘धुण्याचा सोडा’ म्हणून किराणा दुकानात मिळतो.

खार ओळखण्याची एक खूण प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हळदीच्या डागावर साबण लागताच तो डाग लाल होतो. हळदीस खाराचा स्पर्श झाला की तिचा रंग पालटतो. हळदीचे कुंकू करतानाही हाच गुण उपयोगी पडतो. वर्गात मुलांस हे करून दाखवावे. त्यांच्या ध्यानात राहील. तो डाग पुढे उन्हात वाळविला असता फिका पडत जातो, हेही सांगावे.

२. साबण मळ कसा काढतो?

कपड्यावरील मळ बहुतेक तेलकट असतो. अंगाचा घाम व तेलकटपणा कापडास चिकटतो आणि त्यावर धूळ बसते. पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून नुसत्या पाण्याने हा मळ निघत नाही. साबणाच्या प्रत्येक सूक्ष्म कणाचे एक टोक पाण्यास धरते व दुसरे टोक तेलास धरते. दोन भाषा जाणणारा दुभाष्या जसा दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतो, तसा साबण तेलाची व पाण्याची गाठ घालतो. आणि मग खळबळताना पाणी मळास आपल्याबरोबर घेऊन जाते.

तेल किंवा चरबी आणि तीव्र खार ह्यांचा संयोग झाला म्हणजे साबण व ग्लिसरीन असे दोन पदार्थ तयार होतात. ही गोष्ट मिशेल शेव्रल ह्या फ्रेंच विद्वानाने शोधून १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हणजे नीट जमलेल्या साबणात तेल तेल राहत नाही व खार खार राहत नाही. दोघांचे मिळून तिसरेच काही निर्माण होते. मात्र त्यासाठी दोहोंचे प्रमाण बिनचूक असावे लागते, हे पुढे कृती सांगताना दिसून येईल.

३. प्रथम पाण्याची परीक्षा करा

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यात चुना व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार विरघळलेले असतात. साबण अशा पाण्यात गेला की त्या क्षारांशी मिळून त्याचा दह्याच्या चोथ्यासारखा साका होतो. तो कपड्यावर बसतो, पांढरे कापड करडे दिसू लागते, आणि अर्धा साबण कपडा धुण्याऐवजी पाण्याचा जडपणा काढण्यातच खर्ची पडतो. गृहिणी म्हणते, ‘साबणच वाईट निघाला’. वस्तुतः दोष पाण्याचा असतो.

परीक्षा सोपी आहे. स्वच्छ बाटली अर्धी पाण्याने भरावी, साबणाचा थोडा कीस घालावा व जोराने हालवावी. भरपूर फेस आला व पाणी फारसे गढूळ झाले नाही तर पाणी हलके समजावे. फेस न येता पांढरा साका तरंगू लागला तर पाणी जड समजावे. पावसाचे पाणी हलके असते. त्याच्याशी तुलना करून पाहिल्यास भेद तत्काळ कळतो.

जड पाण्यावर उपाय धुण्याचा सोडा हाच होय. बादलीभर पाण्यात एक ते दोन चमचे सोडा विरघळवून पाणी थोडा वेळ तसेच ठेवावे आणि मग साबण घालावा. सोडा चुन्यास बांधून टाकतो आणि साबण मळासाठी मोकळा राहतो. ज्या घरी दुसरे काहीच करणे शक्य नाही, त्यांनी एवढी एक गोष्ट पाळली तरी साबणाचा खर्च उघड कमी होईल.

४. बिनखर्चाची दोन साधने : रिठा व राख

रिठ्याच्या टरफलात फेस आणणारे सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते खार नव्हे व साबणही नव्हे, म्हणून जड पाण्यातही त्याचा साका होत नाही. रेशमी व लोकरी वस्त्रांस सोडा किंवा तीव्र साबण लावल्यास त्यांचे तंतू दुबळे होतात. अशा वस्त्रांस रिठाच उत्तम.

पंधरा ते वीस रिठे फोडून बिया काढून टाकाव्या, टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळावी व निवल्यावर चोळून फडक्याने गाळून घ्यावी. ह्यातील वाटीभर पाणी बादलीस पुरते. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. त्याचा थेंब डोळ्यांत जाऊ देऊ नये. ओढ्यात किंवा तळ्यात ते ओतू नये, कारण त्याने मासे मरतात. तेलाचे व वंगणाचे जुने डाग रिठ्याने चांगलेसे निघत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवणे बरे.

राखेचे पाणी करावयाचे असल्यास लाकडाची, शक्यतो बाभळीसारख्या कठीण लाकडाची, पांढरी राख घ्यावी. गोवऱ्यांच्या राखेत वाळूसारखा भाग फार असतो व खार कमी मिळतो. तळास भोक असलेल्या मडक्यात प्रथम गवताचा थर, त्यावर फडके व त्यावर राख भरावी. वरून थोडेथोडे पाणी घालीत जावे, आणि खाली ठिबकणारे पाणी दुसऱ्या मडक्यात धरावे. त्यात सुती कपडे रात्रभर भिजवून सकाळी धुतले असता मळ सुटतो. हे पाणी हातास झोंबते, म्हणून त्यात साधे पाणी मिसळूनच वापरावे. रंगीत, रेशमी व लोकरी वस्त्रे त्यात कदापि घालू नयेत.

५. साबणाची कृती

येथून पुढचा भाग केवळ मोठ्या माणसांसाठी आहे. साबणासाठी लागणारा कॉस्टिक सोडा, ज्यास दाहक सोडा असेही म्हणतात, हा धुण्याच्या सोड्याहून अगदी निराळा व फार उग्र पदार्थ आहे. तो कातडी जाळतो, आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी घालवितो. ज्या घरी लहान मुले आहेत व ती दूर ठेवण्याची सोय नाही, त्या घरी हा उद्योग करूच नये. मंडळीच्या आवारात, उघड्या जागी, दोघा-तिघा प्रौढ माणसांनी मिळून करावा हे उत्तम.

साहित्य : ग्रामपर्यंत वजन दाखविणारा काटा, पोलादी (स्टीलचे) पातेले, जाड प्लॅस्टिकची बादली, लाकडी दांडा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर लावावयाचा बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, आणि जवळच स्वच्छ पाण्याने भरलेल्या दोन बादल्या. ॲल्युमिनियमचे भांडे मुळीच घेऊ नये. दाहक सोडा त्यास खातो व पेट घेणारा वायू निघतो. ह्या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकास वापरू नयेत.

प्रमाण पहिले. शेंगदाण्याचे, सोयाबीनचे, करंजीचे, मोहाचे किंवा तळणीचे गाळलेले तेल १ किलो. दाहक सोडा १२५ ग्राम. पाणी ३०० ग्राम. हा साबण किंचित मऊ होतो, पण धुण्यास चांगला असतो.

प्रमाण दुसरे. वरीलपैकी कोणतेही तेल अर्धा किलो व खोबरेल अर्धा किलो. दाहक सोडा १५० ग्राम. पाणी ३५० ग्राम. हा साबण कठीण होतो व त्यास फेस अधिक येतो.

खोबरेलास इतर तेलांपेक्षा अधिक खार लागतो, म्हणून एका प्रमाणाचा सोडा दुसऱ्या प्रमाणास चालणार नाही. दोन्ही प्रमाणांत तेल जरूरीपेक्षा किंचित अधिक धरले आहे, ते अशासाठी की साबणात मोकळा खार उरून हात सोलू नयेत. तेल, सोडा व पाणी ही तिन्ही वजनानेच घ्यावी. वाटीने किंवा अंदाजाने घेतल्यास साबण बिघडेल, आणि बिघडलेला साबण हातास इजा करील.

रीत : प्रथम पाणी बादलीत घ्यावे व त्यात सोडा थोडाथोडा घालून ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास ते उसळून अंगावर येते. हे पाणी चुलीवर न ठेवताच अतिशय तापते व त्याची उग्र वाफ येते. म्हणून तोंड बाजूस ठेवावे व वाऱ्याच्या पाठीकडे उभे राहावे. पाणी कोमट होईपर्यंत थांबावे. मग तेलही कोमट करून पातेल्यात घ्यावे, आणि त्यात सोड्याचे पाणी बारीक धारेने सोडीत एकसारखे ढवळीत राहावे. अर्ध्या तासापासून तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. घाई करून उपयोग नाही. मिश्रण दाट पिठल्यासारखे होऊन, दांड्यावरून पडलेली धार वर क्षणभर रेघेसारखी उमटून दिसू लागली म्हणजे ते सिद्ध झाले असे समजावे.

लाकडी खोक्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यात मिश्रण ओतावे, वर फळी ठेवून गोणपाट पांघरावे, व एक-दोन दिवस हालवू नये. घट्ट झाल्यावर हातमोजे घालूनच वड्या पाडाव्या आणि सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींस न चिकटतील अशा मांडून चार ते सहा आठवडे सुकू द्याव्या. ह्या काळात उरलेला खार तेलाशी मिळून जातो, पाणी उडते व वडी कठीण होते. ताजी वडी वापरण्याचा मोह आवरावा. वडीतून पाणी सुटलेले दिसले, किंवा कापताना आत पांढरे टणक खडे आढळले, तर तो साबण वापरू नये.

६. अपघात झाल्यास

हा भाग वर्गात दोनदा वाचून दाखवावा. कातडीवर सोडा उडाल्यास भिजलेला कपडा ताबडतोब काढून तो भाग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावा. लिंबू, शिरका, हळद किंवा तूप लावू नये. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून अर्धा तास एकसारखे स्वच्छ पाणी सोडीत राहावे व लगेच दवाखान्यात न्यावे. वरून बरे वाटले तरी नेलेच पाहिजे. कोणी चुकून गिळल्यास ओकारी काढवू नये. तोंड पाण्याने धुऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. उरलेला सोडा घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ‘विष’ असे लिहून, कुलपात ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तो ठेवणे म्हणजे आपल्याच लेकराच्या वाटेवर खड्डा खणणे होय.

७. धुण्याची पूड

सुकलेल्या वड्या किसणीवर किसून उन्हात कोरड्या कराव्या. किसलेला साबण अर्धा किलो व धुण्याचा सोडा अर्धा किलो एकत्र करून कोरड्या डब्यात भरावे. येथे लागतो तो साधा धुण्याचा सोडा, दाहक सोडा नव्हे. डब्यांवर नावे लिहून ठेवणे ह्यासाठी अगत्याचे आहे. बाजारात धुण्याचा सोडा दोन रूपांत येतो. कोरडी पांढरी भुकटी तीव्र असते. स्फटिकांच्या खड्यांत निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. वरील प्रमाण भुकटीचे आहे. बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पूड विरघळवून कपडे अर्धा तास भिजू द्यावे.

दुकानात मिळणारी बहुतेक पूड साबणाची नसते. ती खनिज तेलापासून केलेल्या निराळ्या द्रव्याची असते, व तिचा जड पाण्यात साका होत नाही. अमदाबाद येथे करसनभाई पटेल ह्या रसायन जाणणाऱ्या गृहस्थांनी १९६९ साली नोकरी सांभाळून आपल्या घराच्या अंगणात अशी पूड करण्यास आरंभ केला व सायकलवरून दारोदार फिरून ती तीन रुपये किलो दराने विकली. तीच पुढे ‘निरमा’ ह्या नावाने देशभर पोहोचली. त्यांच्या उद्योगशीलतेचे अनुकरण अवश्य करावे. परंतु त्या पुडीस लागणारी ‘ॲसिड स्लरी’ हे तीव्र आम्ल आहे, आणि शिक्षणावाचून ते घरात हाताळणे धोक्याचे आहे. ज्या बचत गटांस तो धंदा करावयाचा असेल त्यांनी आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावे.

८. धुताना ध्यानात ठेवावे

कपडे विहिरीच्या काठावर धुऊ नयेत. सांडपाणी झिरपून पुन्हा पिण्याच्या पाण्यात येते. सोड्याचे पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नये, कारण त्याने काळी जमीन चिकट व टणक होते. शेवटच्या खळबळण्याचे पाणी झाडास घालण्यास हरकत नाही.

घरात कोणास खरूज झाली असल्यास त्याचे कपडे व अंथरूण वाफा निघत असलेल्या गरम पाण्यात निदान दहा मिनिटे बुडवून मग धुवावे व कडक उन्हात वाळवावे. जे गरम पाण्यात घालता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावे. खरजेचे किडे माणसाच्या अंगावाचून इतके दिवस जगत नाहीत. मात्र कपडे धुतल्याने रोग्याची खरूज जात नाही. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावले पाहिजे.

निळीविषयी एक शब्द. नीळ मळ काढीत नाही. ती पिवळटपणा डोळ्यांस दिसू नये एवढेच करते. मळकट कपड्यास नीळ देऊन पांढरा म्हणविणे आणि अंतःकरण न पालटता तोंडाने ख्रिस्ती म्हणविणे, ह्या दोहोंत उपदेशकास साम्य दाखविता येईल.

९. खरोखर स्वस्त पडते काय?

आम्ही वाचकांस फसवू इच्छीत नाही. दुकानातून नवे तेल, विशेषतः खोबरेल, विकत आणून साबण केला तर तो बाजारच्या वडीपेक्षा महागही पडू शकेल. एक किलो तेलाचा साबण सुकल्यावर साधारण सव्वा किलो भरतो. तेव्हा तेल, सोडा व सरपण ह्यांची किंमत मांडावी, तिला सव्वाने भागावे, आणि दुकानच्या किलोभर साबणाच्या किमतीशी ताडून पाहावे. बांधावरच्या करंजाचे किंवा मोहाचे बी गोळा करून घाण्यावर तेल काढून मिळत असेल, अथवा हॉटेलातील तळणीचे तेल अल्प किमतीत येत असेल, तर घरचा साबण निश्चित स्वस्त. नसेल, तर बाजारचीच वडी आणावी, पाण्यात आधी सोडा घालावा, रेशमास व लोकरीस रिठा वापरावा. म्हणजे तीच वडी अधिक दिवस पुरेल. लूक १४:२८ मध्ये बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा असे प्रभूने सांगितले आहे. तो नियम साबणासही लागू आहे.

१०. मंडळीस एक सूचना

शेवटी जे सांगावयाचे ते उपदेशकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांचे कपडे गावचा परीट धूत नसे, आणि गावच्या पाणवठ्यावर त्यांस पाय ठेवू देत नसत. पाणी नाकारावयाचे आणि मग मळकट म्हणून दूर बसवावयाचे, असा तो दुहेरी अन्याय होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते ह्याच अन्यायाविरुद्ध. आणि २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. ज्यांच्या घराण्यांनी हे सोसले, त्यांच्याच मंदिरात आता शुभ्र वस्त्रावरून माणसाची पारख होऊ लागली, तर आपण काय शिकलो?

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मळकट कपड्यांनी सभेत आलेल्या दरिद्री माणसाविषयी जे लिहिले आहे ते सर्वांनी वाचावे. मार्क ९:३ मध्ये प्रभूच्या वस्त्रांचे जे तेज सांगितले आहे, ते पृथ्वीवरील कोणत्याही परटाच्या हातून येणारे नव्हते. म्हणून ज्या भगिनीपाशी धुतलेले वस्त्र नाही तिने आहे त्या वस्त्रानिशी उपासनेस यावे. आणि तिच्या शेजारी बसणारीने पुढच्या शनिवारी आपल्या घरची साबणाची वडी घेऊन तिच्या दारी जावे. देताना उपकाराची भाषा बोलू नये. दोघींनी मिळून धुणे धुवावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) यिर्मया २:२२ मध्ये सांगितलेले धुण्याचे दोन पदार्थ कशापासून मिळत असत?
(२) जड पाणी कसे ओळखावे व त्यावर कोणता उपाय करावा?
(३) धुण्याचा सोडा व दाहक सोडा ह्यांत भेद काय? दाहक सोडा पाण्यात घालावा की पाणी त्यावर ओतावे, आणि का?
(४) डोळ्यांत दाहक सोडा गेल्यास प्रथम काय करावे?
(५) रेशमी व लोकरी वस्त्रांस रिठा का वापरावा?
(६) आपल्या गावी कोणते तेल स्वस्त मिळते? एक किलो साबणास काय खर्च येईल ते मांडून दाखवा.
(७) आपल्या मंडळीत वस्त्रांच्या लाजेने उपासनेस न येणारे कोणी आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात बोलून देऊ नये. घरी जाऊन कृतीने द्यावे.